शहापूर-मुरबाडच्या वाट्याचे नाटक

मुंबई शहर आणि शहापूर तालुका यांचे नाते मुख्यतः पाण्याचे आहे. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. पुढे भातसा धरणाचे पाणीही त्याच वाटेने गेले. पाण्याबरोबर या तालुक्यातून आणि शेजारच्या मुरबाडमधून भात, लाकूड, गवत, दूध आणि पावसाळा सरल्यावर कामाच्या शोधात निघालेली माणसे मुंबईकडे जात राहिली. अर्थशास्त्रात ज्याला व्यापाराच्या अटी म्हणतात, त्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न असा पडतो की, या सर्वांच्या मोबदल्यात मुंबईकडून या दोन तालुक्यांकडे काय आले? यादी करायला बसले तर मिठापासून कापडापर्यंत अनेक जिन्नस निघतील, पण ते दाम मोजून घेतलेले. दाम जवळजवळ न मोजता आलेली एक गोष्ट मात्र या हिशेबात सहसा कोणी धरीत नाही. ती म्हणजे नभोवाणीवरून आलेले मराठी नाटक.

ही गोष्ट किती मोलाची होती हे कळण्यासाठी मराठी रंगभूमीचा भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ साली झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. त्यानंतरची पन्नास वर्षे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर व गडकरी यांची नाटके मुंबई, पुणे, नाशिक, सांगली, नागपूर अशा पेठांतून फिरली. कल्याणहून नाशिकला जाणारी रेल्वे शहापूरजवळच्या आसनगावावरून जाते. कसाऱ्यापर्यंत ती १८६१ सालीच पोचली होती. परंतु नाटक कंपनीचे सामान आसनगावला उतरण्याचे काही कारण नव्हते. नट, गवये, साजिंदे, रंगपट, पडदे आणि आचारी एवढे मोठे बिऱ्हाड पोसायचे तर सलग आठ-पंधरा दिवस तिकिटे खपतील असे गाव लागे. मुरबाडला तर रेल्वेच नव्हती. या दोन तालुक्यांतील लोकांना नाटकाची आवड नव्हती असे यावरून मुळीच ठरत नाही. बोहाड्यातील सोंगे रात्र रात्र पाहणारा, म्हशाच्या जत्रेतील तमाशाला गर्दी करणारा आणि सप्ताहातील कीर्तन शेवटपर्यंत ऐकणारा हा समाज होता. प्रेक्षक होता, श्रोता होता. मात्र त्याच्याजवळ नाटक आणणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते.

नभोवाणीने ही अडचण एका दिवसात दूर केली असे नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हा त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती आणि ते नीट ऐकू येण्याचे अंतर सुमारे ४८ किलोमीटर मानले जाई. आसनगाव मुंबईपासून रेल्वेने ८६ किलोमीटरवर आहे. म्हणजे आवाजाची पहिली हद्द कल्याणच्या अलीकडेच संपत होती. ती खाजगी कंपनी १९३० साली बुडाली आणि नभोवाणी सरकारच्या हाती आली. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले, तर पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. प्रक्षेपकांची शक्ती वाढत गेली तशी हद्दही पुढे सरकली. तरी रेडिओला वीज लागे, आणि वीज शहापूरच्या बाजारपेठेत आली म्हणून ती आजूबाजूच्या पाड्यांवर पोचली असे नव्हे. विजेशिवाय ऐकायचे तर जड आणि महाग बॅटरी घ्यावी लागे. ग्रामपंचायतीचा रेडिओ हा त्यावरील एक उपाय होता. पण बॅटरी उतरली की तो कपाटात जाई. बॅटरीच्या दोन-चार मसाल्यांवर चालणारा ट्रान्झिस्टर साठच्या दशकात खेडोपाडी दिसू लागला तेव्हाच खऱ्या अर्थाने मुंबई-पुण्याचा आवाज भातसा आणि मुरबाडी नदीच्या काठी ऐकू आला.

सामूहिक श्रवणाचे महत्त्व त्यापूर्वीच सिद्ध झाले होते. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन वेळा कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची, अशी त्याची रीत होती. खेड्यातील माणूस नुसता कानावर पडलेला आवाज ऐकत बसत नाही, त्यावर विचार करतो, वाद घालतो आणि निर्णयही घेतो, असे त्या प्रयोगात दिसून आले. ठाणे जिल्हा त्या यादीत नव्हता. पण शहापूरला लागून असलेला नाशिक व मुरबाडला लागून असलेला पुणे हे दोन्ही जिल्हे होते. सह्याद्रीच्या वरच्या अंगाचा श्रोता एक आणि खालच्या अंगाचा दुसरा, असे मानण्याचे कारण नाही.

याच सुमारास मराठी रंगभूमीच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जुन्या नाटक कंपन्या एकामागून एक मोडल्या. नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. ज्यांनी ‘मानापमान’ किंवा ‘भावबंधन’ रंगमंचावर पाहिले होते ती पिढी वृद्ध होत चालली आणि पुढच्या पिढीला ही नाटके पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांपुरती उरण्याची चिन्हे दिसू लागली. अशा वेळी जुन्या नाटकांना जे दोन-तीन आसरे मिळाले त्यांत नभोवाणीचे स्थान वरचे आहे. तिला तिकिटे खपण्याची चिंता नव्हती. १९५६ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय नाट्य-कार्यक्रमाने तर एकच नाटक देशातील निरनिराळ्या केंद्रांवरून त्या त्या भाषेत एकाच रात्री ऐकवण्याची प्रथा पाडली. त्यामुळे मराठी श्रोत्याला बंगाली, कन्नड, हिंदी नाटक मराठीतून भेटले, आणि मराठी नाटक इतरांना त्यांच्या भाषेतून. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे नाटककार आकाशवाणीच्या सेवेत होते. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू या कलावंतांचे चेहरे ज्यांनी कधी पाहिले नव्हते अशा घरांतूनही त्यांचे आवाज ओळखीचे झाले होते.

रंगमंचावरचे पाच अंकी नाटक श्राव्य करणे हे काही सोपे काम नव्हे. जुने संगीत नाटक रात्रभर चाले. नभोवाणीवर त्याला एक-दीड तास मिळे. पदे निवडावी लागत, उपकथानके गाळावी लागत, आणि पात्राचे येणे-जाणे पावलांच्या, दाराच्या किंवा भांड्यांच्या आवाजावरून सुचवावे लागे. यात नाटकाचे बरेच काही हरपे, हे मान्य केलेच पाहिजे. बालगंधर्वांच्या शालूचा दिमाख ध्वनिक्षेपकातून दिसणे शक्य नव्हते. परंतु काही गोष्टी उलट अधिक खुलत. स्वगताचेच उदाहरण घ्यावे. रंगमंचावर स्वगत शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे म्हणून ते मोठ्याने म्हणावे लागते, आणि मनातले बोलणे मोठ्याने म्हणण्यातील कृत्रिमता कितीही मोठ्या नटाला पुरती लपवता येत नाही. ध्वनिक्षेपकापुढे तेच स्वगत कुजबुजीत म्हणता येते. गडकऱ्यांच्या लांबलचक, अलंकारांनी लगडलेल्या वाक्यांवर कृत्रिमतेचा आरोप नेहमीच झाला; पण रात्रीच्या शांततेत, जवळून बोलणाऱ्या आवाजात ती वाक्ये ऐकताना त्यांच्यामागचा जिव्हाळा आधी जाणवतो आणि अलंकार मागाहून.

‘एकच प्याला’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणता येईल. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. सुधाकर हा बुद्धिमान वकील, त्याचा अपमान, तळीरामाने पुढे केलेला पहिला पेला आणि तेथून सुरू झालेली घसरण ही कथा शहरी मध्यमवर्गाची आहे खरी. पण ती ज्या मुलुखात ऐकली गेली त्या मुलुखाला दारूचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नव्हता. मोहाच्या फुलांची दारू हा ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या सणासुदीचा भाग होता. ती फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा इंग्रज सरकारने १८९२ मध्ये केला, तो अबकारी उत्पन्नाच्या लोभाने. पुढे १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हातभट्ट्या रानात गेल्या. व्यसनाने मोडलेला संसार, दुसऱ्यांचे दळण दळून घर चालवणारी बायको आणि उपाशी मूल यांचे चित्र समजण्यासाठी येथील श्रोत्याला कोणत्याही टीपेची गरज नव्हती. जात्याची घरघर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात परिणाम म्हणून वाजवली जात असेल. मुरबाडच्या खेड्यात तो पहाटेचा रोजचा आवाज होता.

‘शारदे’चीही तीच गोष्ट, पण उलट्या बाजूने. देवलांचे हे नाटक १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याशी मुलीचे लग्न जुळवणाऱ्या कांचनभटाच्या घरची ही कथा. ज्या समाजांत मुलीच्या बापाला देज देण्याची पूर्वापार रीत होती, त्यांना मुलीच्या बापाने पैसे घेणे हीच गोष्ट मुळात पाप वाटावी असे नव्हते. तेथे प्रश्न निराळा होता. देजासाठी आणि लग्नखर्चासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी त्याच्या शेतावर वर्षानुवर्षे राबायचे, ही ठाणे जिल्ह्यातील लग्नगड्याची पद्धत होती. तिच्याविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा लढा उभा राहिला. तेव्हा ‘शारदा’ पुण्यात ऐकणे आणि शहापूरच्या पाड्यावर ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. अभिजात नाटकाचे अभिजातपण त्याच्या भाषेइतकेच यातही असते, की ते निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे प्रश्न उभे करू शकते. मात्र त्यासाठी ते त्या त्या ठिकाणी पोचावे लागते.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे घेतला जाईल. नभोवाणीने या मुलुखाला नाटक दिले, पण ते शहराच्या भाषेतले, शहराच्या प्रश्नांचे. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांची बोली त्या नाटकांत जवळजवळ नव्हती, आणि असलीच तर गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. तथापि त्याचा निष्कर्ष ‘म्हणून नाटक पोचले नसते तरी चालले असते’ असा निघत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील ज्या शिक्षकाने गणेशोत्सवात मुलांकडून नाटुकले बसवले, ज्या तलाठ्याने गावच्या हौशी मंडळात खलनायक रंगवला, त्यांना शब्दफेक कशी करावी, विराम कोठे घ्यावा याचे धडे देणारी दुसरी शाळा नव्हती. व्यावसायिक नाटक पाहायचे तर ठाणे किंवा दादर गाठावे लागे. तिकिटाचे पैसे कसेबसे जमवता येत. पण खेळ संपल्यावर परतीची गाडी नसे आणि मुरबाडकराला तर कल्याणपासून पुढे एस.टी.च्या पहिल्या गाडीसाठी रात्र फलाटावर काढावी लागे. नाटकाची खरी किंमत ही त्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवशीच्या रजेची किंमत होती. नभोवाणीने ती किंमत शून्यावर आणली.

ही सेवा फुकट मात्र नव्हती. रेडिओसाठी टपाल कचेरीत जाऊन वार्षिक परवाना घ्यावा लागे. साठच्या दशकात घरगुती संचाचा परवाना १५ रुपयांचा होता. म्हणजे दिवसाला चार पैशांहून थोडे अधिक. त्या चार पैशांत बातम्या, भजन, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम आणि नाटक एवढे सगळे येई. शिवाय एका घरच्या संचाभोवती आळी जमली म्हणून नाटक कोणाच्या वाट्याला कमी येत नसे. एकाने घेतल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही, अशा वस्तूला अर्थशास्त्रज्ञ सार्वजनिक वस्तू म्हणतात. बाजार अशी वस्तू पुरेशी निर्माण करीत नाही, कारण तिचे दाम वसूल करणे कठीण जाते. ती समाजाने सामाईक खर्चातून निर्माण करायची असते. रेडिओ व दूरदर्शन यांचे परवाने १९८५ मध्ये रद्द झाले तोपर्यंत हा सामाईक खर्च श्रोत्यांच्या खिशातून उघडपणे होत होता.

दूरदर्शनचे केंद्र मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि नाटक पुन्हा दिसू लागले. विनायक चासकर यांच्यासारख्या निर्मात्यांनी मुंबई केंद्रावरून मराठी नाटक घरोघर नेले. पण हे ‘घरोघर’ मोजक्या घरांचे होते. संचाची किंमत शिक्षकाच्या अनेक महिन्यांच्या पगाराइतकी, वीज असून नसल्यासारखी आणि मध्ये डोंगर. त्यामुळे उंच बांबूवर अँटेना बांधून कोणी एकजण ती फिरवीत राही व बाकीचे आतून ओरडून सांगत, असा प्रकार चाले. रेडिओने नाटक कातकऱ्याच्या झोपडीपर्यंत नेले होते. दूरदर्शनने त्याला काही वर्षे पुन्हा पेठेतील बैठकीच्या खोलीत बसवले. ट्रान्झिस्टर मात्र शेतावर, दुकानात आणि शाळेच्या ओट्यावर चालूच राहिला.

आता खरा प्रश्न. तीस-चाळीस वर्षे ही जी नाटके ध्वनिक्षेपकापुढे सादर झाली, ती गेली कोठे? ग्रामोफोनच्या तबकड्यांनी जुन्या नाटकांतील पदे जपली. एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास मुद्रण मावे, आणि पद तेवढ्यात बसे. शिवाय पदांना गिऱ्हाईक होते. त्यामुळे बालगंधर्वांचा गळा आजही ऐकता येतो. गद्याचे तसे झाले नाही. तळीरामाचे संवाद, घनश्यामाची कारस्थाने, फाल्गुनरावाचा संशय यांना तबकडीच्या बाजारात पदांसारखी मागणी नव्हती. बाजाराने जे खपते तेच जपले, यात बाजाराचा दोष नाही. त्याचे ते कामच आहे. जे खपत नाही पण टिकले पाहिजे, ते जपण्याचे काम नभोवाणीचे होते, आणि गद्य नाटकाचा संपूर्ण आवाज तिच्याच फितींवर होता.

फितीला मात्र केंद्राच्या हिशेबात भांडवल म्हणून स्थान नव्हते. ती महाग होती. प्रक्षेपण झाले की तीच फीत पुसून पुन्हा वापरायची, ही काटकसर समजली जाई. मुद्रणे जपण्यासाठी आकाशवाणीने १९५४ मध्ये स्वतंत्र विभाग काढला, पण तेथे नेत्यांची भाषणे आणि गवई-वादकांच्या मैफली यांना मान होता. प्रादेशिक केंद्रावरील नाटकाची पायरी खालची राहिली. हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. ज्या बीबीसीने १९२३ सालीच शेक्सपिअरचे संपूर्ण नाटक नभोवाणीवर आणले, तिनेही साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य चित्रफिती पुसल्या. जपणुकीचे निश्चित धोरण तेथे १९७८ च्या सुमारास आले. परंतु त्याच देशात ब्रिटिश कौन्सिलच्या आश्रयाने शेक्सपिअरची सारी नाटके तबकड्यांवर मुद्रित झाली व ते काम १९६४ मध्ये पुरे झाले. पुढे १९७८ ते १९८५ या काळात ३७ नाटके दूरचित्रवाणीसाठी करण्यात आली. ती शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत गेली. एखाद्या इंग्रज खेड्यातील विद्यार्थ्याला ‘हॅम्लेट’ ऐकायचे तर काय मागावे हे ठाऊक होते. मुरबाडच्या विद्यार्थ्याने ‘एकच प्याला’ अथपासून इतिपर्यंत ऐकायचे म्हटले, तर त्याने कोणाकडे अर्ज करावा?

फीत पुसून वाचवलेले पैसे त्या त्या वर्षीच्या चालू खर्चात विरून गेले. गमावले ते मात्र भांडवल होते. दरसाल थोडे थोडे साठत गेले असते तर आज त्याचा एक मोठा ठेवा झाला असता. आणि ते भांडवल टपाल कचेरीत पंधरा रुपये भरणाऱ्यांच्या पैशातून उभे राहिले होते, हेही विसरता कामा नये. ज्याने बी-बियाण्याचे पैसे दिले त्याला पिकातला वाटा मागण्याचा अधिकार असतो.

जे पुसले गेले ते परत येणार नाही. पण सगळेच पुसले गेले नाही. केंद्रांच्या संग्रहात जे उरले आहे, जुन्या श्रोत्यांनी व कलावंतांनी घरच्या यंत्रावर जे टिपून ठेवले आहे, ते एकत्र करता येण्यासारखे आहे. पूर्वी प्रत काढायची म्हणजे नवी फीत, नवा खर्च. आज एकदा अंकीय मुद्रण केले की हजारावी प्रत जवळजवळ फुकट पडते. किर्लोस्कर, देवल, गडकरी आणि १९४८ मध्ये निवर्तलेले खाडिलकर यांच्या संहितांवरील लेखनहक्काची साठ वर्षांची मुदतही केव्हाच संपली आहे. कलावंतांच्या आणि मुद्रणाच्या हक्कांचा प्रश्न उरतो. तो न्यायाने सोडवला पाहिजे, परंतु तो न सुटणारा नाही. जी मुद्रणे हाती लागतील त्यांची यादी प्रसिद्ध व्हावी, त्यांच्या प्रती तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांना व शाळांना विनामूल्य मिळाव्यात, आणि जी नाटके मिळणारच नाहीत ती आजच्या नटांकडून पुन्हा मुद्रित करून घ्यावीत, एवढीच अपेक्षा आहे. त्याबरोबर बोहाडा आणि येथील बोलींतील कथाकथन मुद्रित झाले, तर वर मान्य केलेल्या आक्षेपालाही थोडे उत्तर मिळेल. या खेपेस आवाज शहापूरहून मुंबईकडे जाईल.

हातातल्या यंत्रावर वाटेल ते ऐकण्याची सोय असताना शंभर वर्षांपूर्वीचे नाटक कोण ऐकणार, असे विचारले जाईल. कदाचित थोडेच ऐकतील. पण वाचनालयातील पुस्तकही रोज कोणी मागत नाही. मागणाऱ्याला ते मिळावे म्हणून ते फडताळात ठेवलेले असते. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाने गडकऱ्यांचा उतारा वर्गात वाचून दाखवणे आणि ज्या नटाने त्या वाक्यांवर हयात घालवली त्याच्या आवाजात ती मुलांनी ऐकणे, यांतील फरक कोणत्याही शिक्षकाला सांगावा लागणार नाही.

तानसाचे पाणी रोज किती गेले याची नोंद मुंबई महानगरपालिकेच्या दप्तरी चोख असते. याच शहापूर तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्टही सर्वांना माहीत आहे. त्या मोठ्या अन्यायापुढे नाटकाची ही मागणी किरकोळ वाटेल. पण पाणी परत करणे ज्यांना अवघड आहे, त्यांना आवाज परत करणे अवघड नाही. तेवढे तरी आता व्हावे.